नासकं दूध नेणारी चांगी

चांगी आमच्या मागल्या दारी आली की कधी बसत नसे. डोक्यावरची भाजीची पाटी खाली उतरवायची, एका पायावर भार टाकून उभी राहायची आणि दुसऱ्या पायाचा तळवा पहिल्याच्या घोट्यावर हळूहळू घाशीत राहायची. मी या घरात नवी होते तेव्हा मला तो उर्मटपणा वाटे. सासूबाई तिला टेकायला सांगत, तर ती नुसती मान हलवी. मिठागरात राबणारं माणूस एकदा बसलं की भेगाळलेल्या तळव्यांवर पुन्हा उभं राहणं त्याला किती जड जातं, हे कळायला मला दोन उन्हाळे जावे लागले.

ती कोपरीकडची आगरीण. पावसाळ्यात भात आणि भाजीपाला, पाऊस सरला की खाडीकाठच्या मिठागरांवर मजुरी, भाजीची पाटी मात्र बाराही महिने. नवरा गेलेला, घरात ती आणि तिची मुलगी पोशी. आमचं बिऱ्हाड ठाण्यात तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. घरात सासूबाई, माझे यजमान, धाकटी नणंद अंबू आणि मी. यजमान मीठ-कचेरीत कारकून होते. संध्याकाळी मिठागरावरून माणसं परत निघाली की नाक्यावर त्यांची झडती व्हायची. कुणी ओटीत, कुणी कमरेला मीठ बांधून नेत नाही ना ते पाहायचं. त्या झडतीचे कागद यजमान लिहीत. चांगीला हे ठाऊक होतं. एकदा ती मला म्हणाली होती, "सरकार आमचे आंगावरचा मीठ झारून घेतंय गो बाय. पायान शिरला तेवराच आमचा." असं बोलताना तिच्या तोंडावर हसू नव्हतं की राग नव्हता. पाऊस आज येईल की उद्या, असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं.

तिची माझी ओळख झाली ती दूध नासल्यामुळे. वैशाखाचे दिवस होते. यजमानांचे वरिष्ठ फराळाला यायचे होते, खीर करायची म्हणून गवळ्याकडून जास्तीचं दूध घेतलं होतं, आणि मी चुलीवर ठेवलं ते बघताबघता फाटलं. मला या घरी येऊन वर्षही झालं नव्हतं. सासूबाईंनी आवाज चढवला नाही, पण पातेल्याकडे आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की जणू दोन्हींत खोट एकच आहे. घरात फाटलेलं दूध कुणी खात नसे, ते अपशकुनी. मी पातेलं घेऊन मागल्या अंगणात आले, आणि ते ओतणार तोच दाराशी उभ्या असलेल्या बाईनं हात पुढे केला.

"नको सांडू. मना दे."

मी तिच्या मडक्यात ते वरून ओतलं. तिनं आधी नाक जवळ नेऊन वास घेतला, बोट बुडवून दोन बोटांत चोळून पाहिलं. चुलीवर फाटलेलं दूध वेगळं, ठेवल्या ठेवल्या आंबलेलं वेगळं आणि कुजायला लागलेलं वेगळं, असे तिचे तीन प्रकार होते. पहिली दोन कातडीला चालत. तिसरं ती हातालाही लावून घेत नसे, ते झाडाच्या मुळाशी किंवा भिंतीच्या चुन्यात. मी विचारलं की या दुधाचं करतेस काय. तिनं उत्तर न देता आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. कोपरापर्यंतचे हात खारानं खाल्लेले, पांढरट, सुकलेल्या चिखलासारखे तडकलेले. हातांचे तळवे मात्र मऊ होते. माझ्या तळव्यांहून मऊ. रोज झोपण्याआधी फाटल्या दुधाच्या पाण्यात, निवळीत, हातपाय भिजवायचे, वरचा चोथा हळद घालून भेगांत भरायचा, वरून फडकं गुंडाळायचं. तिच्या पाड्यावरच्या सगळ्या बायकांचे पाय ती असे बांधायची, आणि त्यासाठी भाजी विकता विकता ठाण्यातल्या घराघरांतून नासकं दूध गोळा करत फिरायची.

"तुमच्या पाड्यात नाही का कुणाच्या घरी दूध नासत?" मी विचारलं.

"दूध आला तर नासंल," ती म्हणाली, आणि पाटी डोक्यावर घेऊन निघाली.

त्या उन्हाळ्यानंतर आमच्याकडचं नासकं दूध तिचंच, असं ठरून गेलं. ती त्याच्या बदल्यात काही देत नसे आणि आभारही मानत नसे. पण जाता जाता घरातलं एखादं काम तिच्या डोळ्याला दिसे आणि ती ते सांगून जाई. देवघरातली तांब्याची भांडी काळी पडली होती. ती म्हणाली, रात्रभर निवळीत टाका. सकाळी ती चिंचेनं घासल्याहून लख्ख निघाली. ओसरीच्या भिंतीला पाठ टेकली की सगळ्यांच्या कपड्यांना चुना लागायचा; तिनं पुढच्या रंगाच्या वेळी चुन्यात नासकं दूध कालवायला लावलं, आणि मग त्या भिंतीला कितीही घासून बसा, पांढरं निघेना. एकदा यजमानांच्या नव्या अंगरख्यावर दौत कलंडली. साहेबापुढे जायचा एकुलता एक धड अंगरखा. मी साबण लावला, लिंबू लावलं, डाग पसरतच गेला. चांगीनं तो माझ्या हातून ओढून घेतला, मडक्यातल्या आंबट दुधात बुडवला आणि उद्या धू म्हणाली. डाग गेला. यजमान खूश झाले, त्यांनी हे तुला कुणी शिकवलं म्हणून विचारलं. मी चांगीचं नाव सांगितलं. ते हसले आणि म्हणाले की त्यांच्यातल्या एकीलाही अक्षर येत नाही, शाईचा डाग काढायला मात्र येतो. मीही हसले. हे आता लिहिताना माझी मलाच शरम वाटते, पण तेव्हा हसले होते.

मग अंबूचा प्रश्न आला.

अंबूला लहानपणी देवी आल्या होत्या. जीव वाचला, पण गालांवर आणि कपाळावर वण राहिले, आणि त्यांच्याभोवतीची कातडी काळवंडून खरखरीत झाली. दोन ठिकाणांहून मुलगी पाहून गेले आणि पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. पत्रिका पाहण्याआधीच तो आला होता. सासूबाई त्या दिवसांत अंबूला उजेडात बसू देत नसत. पोर अकरा वर्षांची, काही बोलायची नाही, पण पाण्याच्या घंगाळात वाकून पाहायची आणि हातानं पाणी ढवळून टाकायची.

हे मी चांगीला सांगितलं. तिनं अंबूला बाहेर आणायला लावलं, हनुवटी धरून तोंड उन्हाकडे फिरवलं. चांगीला पोरीला शिवू द्यायचं की नाही म्हणून सासूबाई दारातून कुरकुरल्या. शेवटी अंघोळीच्या आधी चालेल असं ठरलं. वण जाणार नाहीत, हे चांगीनं पहिल्याच दिवशी सांगितलं. काळं मात्र जाईल, कातडी मऊ होईल. त्यानंतर तीन महिने, एक दिवसाआड, मिठागरावर जाण्याआधी ती उजाडताना यायची. नासक्या दुधाचा चोथा, मसुराचं पीठ आणि चिमूटभर हळद ती बोटांच्या टोकांनी इतकी हलकी लावायची की अंबूला झोप यायची. वर निवळीचा ओला कपडा. तेवढ्या वेळात ती अंबूशी बोलत बसायची. म्हणजे उभी राहूनच बोलायची. खाडीला भरती कशी येते, मिठागराच्या वाफ्यात पाणी सोडल्यावर सातव्या-आठव्या दिवशी पाण्यावर पापुद्रा कसा धरतो, पोशीला बगळ्यांची भीती कशी वाटते. अंबू हसायला लागली ती तेव्हापासून. आरशाचा धीर तिला नंतर आला.

पोशी अंबूच्याच वयाची होती. तीही त्या वर्षापासून मिठागरात टोपल्या वाहू लागली होती.

मार्गशीर्षात कल्याणचं स्थळ आलं. मुलाचे वडील शाळाखात्यात, घर वाडवडिलांपासून कल्याणात. त्यांच्याकडच्या बायकांनी अंबूला दिवसाउजेडी अंगणात बसवून पाहिली आणि पसंत केली. सासूबाईंनी त्या दिवशी चांगीला लुगडं कबूल केलं, आणि या घरातलं फाटकं दूध जन्मभर तुझंच, असंही सर्वांदेखत म्हणाल्या.

लुगडं त्यांनी दिलं. चांगलं दिलं, हे सांगायलाच हवं. लग्नाच्या दिवशी चांगी ते नेसून आली होती आणि मागच्या अंगणात, खरकटी भांडी ठेवतात तिथे उभी होती. पंगत उठल्यावर तिच्यासाठी पान वाढायचं होतं. कल्याणच्या विहीणबाई हात धुवायला त्याच बाजूला आल्या, बरोबर त्यांच्या दोन जावा. त्या सासूबाईंना म्हणाल्या की देवी येऊन गेलेल्या मुलीची कातडी इतकी नितळ आम्ही पाहिली नाही, काय केलंत? मी पाणी ओतत होते. चांगी चार हातांवर होती.

"माझ्या माहेरचा उपाय आहे," सासूबाई म्हणाल्या. "आजीपासून चालत आलाय." आणि त्यांनी सगळं सांगितलं. चुलीवर फाटलेलं दूध, मसुराचं पीठ, चिमूटभर हळद, बोटांच्या टोकांनी. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

मी चांगीकडे पाहिलं. ती सासूबाईंकडे पाहत होती, अगदी लक्ष देऊन, जणू तिलाही ते प्रथमच कळत होतं. पान वाढलं तेव्हा ती तिथे नव्हती.

पुढचं सगळं हसण्यासारखं आहे, हसू येत असेल त्यानं हसावं. सासूबाईंचा उपाय तळ्याभोवतीच्या सगळ्या घरांत पोचला. कुणाच्या मुलीचा रंग दबलेला, कुणाच्या सुनेला वांग, कुणाच्या टाचा फुटलेल्या. ज्या घरांत नासकं दूध म्हणजे घरावरचं संकट होतं, तिथे बायका मुद्दाम दूध उघड्यावर ठेवू लागल्या. एका शेजारणीनं तर त्यात लिंबू पिळून फाडलं आणि सासूबाईंनी तिला सांगितलं की असं फाडलेलं चालत नाही, आपोआप फाटावं लागतं. त्यांना आता या विषयातलं सगळं कळत होतं. आमच्या घरात एक मातीचं मडकं खास त्याच कामाला काढलं. अंबू कल्याणहून आली की तिच्यासाठी, तिच्या नणंदा आल्या की त्यांच्यासाठी, आणि हळूहळू सासूबाईंच्या स्वतःच्या हातांसाठीसुद्धा.

चांगी भाजी घेऊन येतच राहिली. पाटी उतरवली की ती विचारायची, "आज काय हाय काय गो बाय?" मी म्हणायची, आज काही नाही. एखाद्या वेळी सासूबाई देवळात गेलेल्या असल्या तर मी तिला वाटीभर देत असे. पण ती एकाच घरी जात नव्हती. ती ज्या वीस घरांत जात असे त्या सगळ्या घरांत आता हेच उत्तर होतं. एकदा तिचं मडकं मी पाहिलं, तळ कोरडा होता. ती कुणाला काही बोलली नाही. सासूबाईंच्या माहेरचा उपाय कुठला, हे तिनं गावभर सांगितलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं, हे तिला आमच्याहून आधी कळलं असावं.

होळी होऊन गेली होती. मिठागरं भरात होती. त्या दिवशी कल्याणच्या विहीणबाई आमच्याकडे उतरल्या होत्या. सकाळीच दूध फाटलं होतं, आणि ते मडक्यात भरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड ठेवलं होतं. जेवणं झाल्यावर विहीणबाईंच्या हातांना लावायचं होतं. चांगी आली ती पाटी न घेता. तिच्या हातात फक्त मडकं होतं.

"पोशीचे पायाला पू जालाय," ती म्हणाली. "दोन दिस ताप हाय. वाटीभर तरी दे."

आतून सासूबाईंच्या बांगड्यांचा आवाज थांबला. त्या ऐकत होत्या. विहीणबाईही ऐकत असतील. मी दारात उभी होते, आणि माझ्या मागे तीन हातांवर ते मडकं होतं, आणि त्या आंबट दुधाचा वास दारापर्यंत येत होता. मला येत होता. चांगीला न येण्याचं काहीच कारण नव्हतं, तिच्याइतकं नाक ठाण्यात कुणाला नव्हतं.

मी म्हणाले, "आज नाही गं."

"बरा," ती म्हणाली आणि गेली.

त्या दुधानं पोशीचा पाय वाचला असता, असं मी म्हणत नाही. पू धरलेल्या पायाला वाटीभर निवळी काय करणार? पुढे एका डॉक्टरांच्या बायकोला मी हे आडून विचारलं, तिनंही तेच सांगितलं. मला बरं वाटावं असं ते उत्तर होतं आणि मला बरं वाटलं नाही. तिनं मागितलं होतं, घरात होतं, आणि मी नाही म्हणाले होते, एवढंच माझ्यापाशी आहे. सासूबाईंनी मला तसं सांगितलेलंही नव्हतं. नुसता बांगड्यांचा आवाज थांबला होता.

चांगी त्यानंतर येईना. पंधरा-वीस दिवसांनी यजमानांनीच जेवता जेवता सांगितलं की मिठागरावरल्या एका पोरीला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. पायाची तीन बोटं काळी पडली होती, ती काढावी लागली. नाव पोशी, पण ती कुणाची पोर हे त्यांना ठाऊक नव्हतं. हजेरीच्या कागदावर तिच्या नावापुढे रेघ मारायची म्हणून त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवळी आला तेव्हा मी सगळं दूध एका तांब्यात घेतलं, वर फडकं बांधलं आणि देवळात जाते असं सांगून निघाले. कोपरीकडे मी कधी गेले नव्हते. वाट विचारत विचारत गेले, बायका माझ्या नेसणीकडे पाहून कडेला होत होत्या.

चांगीचं घर म्हणजे कुडाच्या चार भिंती. भिंती मात्र पांढऱ्याशुभ्र होत्या. ती दाराशी कोयता घासत होती. मला पाहून उठली, या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. पोशी आत चटईवर भिंतीला टेकून बसली होती, पाय फडक्यात गुंडाळलेला. तोंडावरून ती चांगीचीच मुलगी. फक्त अंबूसारखीच खाली पाहत होती.

मी तांब्या पुढे केला आणि ताजं दूध आहे असं सांगितलं. पोशीसाठी. काय म्हणायचं ते वाटेत मी दहादा घोकलं होतं, त्यातलं तोंडातून एवढंच निघालं.

चांगीनं तो घेतला. तो ती फेकून देईल, परत करील, असं काय काय माझ्या मनात होतं. तसं काही झालं नाही. तिनं एका वाडग्यात दूध ओतलं आणि पोशीच्या हातात दिलं. पोशीनं ते सवयीनं पायाशी नेलं.

"पिवाचा हाय," चांगी म्हणाली. "पी."

पोशीनं वाडगा तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि तिचं तोंड वाकडं झालं. तिनं आईकडे पाहिलं.

"आये, यो बिघारलाय. आंबट लागत न्हाय."

चांगीनं तिच्या हातून वाडगा घेतला. वास घेतला. मग माझ्याकडे पाठ करून, हळू आवाजात, जणू घरातली एखादी लाजिरवाणी गोष्ट सांगावी तसं म्हणाली, "न्हाय गो. चांगला दूध असाच लागतो."

पोशीनं पुन्हा घेतलं नाही. चांगीनं वाडगा तसाच कोनाड्यात ठेवला आणि तांब्या धुऊन, पुसून मला परत दिला. मी काहीतरी बोलायला गेले. क्षमा वगैरे शब्द आमच्या बोलण्यात तेव्हा नसत, मी नुसतं तिचं नाव घेतलं. ती म्हणाली की ऊन चढतंय, बामणाच्या सुनेला या वाटेनं चालणं जमायचं नाही, बांधावरून जवळ पडेल. आणि मला वाट दाखवायला ती बाहेर आली.

बांधापर्यंत आम्ही एकामागून एक चाललो. दोन्ही बाजूंना वाफे होते आणि त्यांवर मिठाचा पापुद्रा धरला होता, त्याकडे डोळे उघडून पाहवत नव्हतं. जिथून ठाण्याची कौलं दिसू लागतात तिथे ती थांबली. हातानं पुढची दिशा दाखवली. मी दहा-बारा पावलं गेले असेन. वळून पाहिलं तर ती बांधावर नव्हती. खाली वाफ्यात उतरली होती. नेसूचा काष्टा गुडघ्यांवर ओढून घेतलेला, पाय त्या पाण्यात घोट्यांपर्यंत बुडालेले, आणि ती लाकडी दाताळ्यानं मीठ कडेला ओढत होती. मी बराच वेळ तिथे उभी होते. तिला ते माहीत असणार. ओढलेल्या मिठाचा ढीग तिनं पूर्ण केला, दुसरा सुरू केला, आणि तोही बांधाकडे पाठ करूनच.

त्या पावसाळ्यापासून आमच्याकडे भाजी घेऊन दुसरी बाई येऊ लागली.